कांबळेबाईंची सातव्या महिन्यातली पोरं

कांबळेबाईंचा मला राग यायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण माणूस गेलं की त्याच्याविषयी सगळे गोड बोलायला लागतात, आणि गोड बोललेलं या बाईला कधीच चाललं नाही. आमच्या दवाखान्यात मी तेरा वर्षं काढली. त्यांतल्या निदान दहा वर्षांत असा एकही आठवडा गेला नसेल, की कपाळाला हात लावून ‘या बाईचं आता करायचं तरी काय’ असं मी म्हटलं नाही.

दवाखाना म्हणजे कोल्हापुरातल्या एका ट्रस्टचं प्रसूतिगृह. खाली ओपीडी, वर बाळंतिणींचे वॉर्ड आणि जिन्यालगत एक लहान खोली. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, मुठीएवढी मुलं या खोलीत ठेवायची. साठचं दशक संपत आलं होतं. मुलांच्या आजारांचं शिक्षण घेऊन मी नुकतीच रुजू झाले होते आणि स्वतःला बरीच शहाणी समजत होते. पहिल्या दिवशी त्या खोलीत शिरणार, तोच एक ठेंगणी, रुंद खांद्यांची सिस्टर दारात आडवी आली.

“हात दावा.”

मला वाटलं, स्वागत करतायत. मी हात पुढं केला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी चाचपला आणि सोडून दिला.

“गार हायत. जावा, गरम पाण्यात बुडवून या.”

“मी डॉक्टर आहे.”

“मग? डॉक्टरचं हात आपोआप गरम ऱ्हात्यात व्हय?”

मागं दोन आया आणि एक बाळंतीण उभी होती. तिघीही हसल्या. मी गेले, हात बुडवून आले. त्यांनी पुन्हा तपासले आणि मगच वाट दिली.

त्या खोलीवर त्यांचं राज्य होतं. सुताराकडून करून घेतलेल्या चार लाकडी पेट्या, आत कापूस, बाजूला फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या, वर पत्र्याच्या टोपीतला दिवा. एवढ्यावर दोन-अडीच पौंडांची मुलं त्या जगवायच्या. आईचं दूध काढून घेऊन दर दोन तासांनी थेंबाथेंबानं पाजायच्या. वीज गेली की मुलाला सरळ आईच्या पोलक्यात घालून वरून पदर बांधायच्या आणि त्या बाईला दम द्यायच्या, “हलायचं न्हाय. तूच आता दिवा.”

त्यांचं चरित्र मला फारसं ठाऊक नाही. घर सिद्धार्थनगरात होतं. छप्पन साली सगळ्या घरानं दीक्षा घेतली, तेव्हा त्यांना नर्स होऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा गिरणीत होता. दोन मुली होत्या, आणि दोघींच्या अभ्यासाविषयी आईनं कधी विचारपूस केली असेल की नाही याची मला शंका आहे, कारण बाईंचं सगळं लक्ष दवाखान्यातून घरी गेलेल्या दुसऱ्यांच्या मुलांकडं असायचं.

माझ्या वैतागाचं मूळ हेच होतं. आम्ही डॉक्टर लोक मूल साडेचार पौंडांचं झालं, अंगावर पिऊ लागलं, की पेढे खाऊन मोकळे. बाईंचं काम तिथून पुढं सुरू व्हायचं. कुणी म्हटलं, “सिस्टर, तुम्ही आमचं पोर वाचवलं,” की त्या खेकसायच्या, “वाचवलं म्हणू नका, वाचतंय म्हणा.” गुरुवारी त्यांची अर्ध्या दिवसाची सुट्टी असे. त्या दुपारी आणि रविवारी पुरुषी कॅनव्हासचे बूट घालून, खांद्याला पिशवी अडकवून त्या निघायच्या. पिशवीत लाल लोकरीचा गोंडा, एक घुंगरू, चार लाकडी ठोकळे आणि पुडीभर चुरमुरे. गोंडा डोळ्यांसमोर फिरवायचा, मूल बघतंय का. घुंगरू कानामागं वाजवायचं, मान वळवतंय का. चुरमुरा जमिनीवर टाकायचा, दोन बोटांच्या चिमटीत उचलतंय का. मूल जरा मोठं असलं की हुकूम सुटायचा, “एका पायावर उभा ऱ्हा बगू.”

हे त्यांनी कुठंही करावं. एकदा आम्ही दोघी रिक्षातून चाललो होतो. बिंदू चौकात त्यांनी रिक्षा थांबवली, उतरल्या आणि वाहतुकीच्या पोलिसापुढं जाऊन उभ्या राहिल्या. विशीतला, मिशा फुटलेला उंच पोरगा.

“तू पाटलाच्या सुशीचा न्हवं? तीन पौंड एक औंस?”

तो ओशाळला. “व्हय मावशी.”

“चष्मा लागला का न्हाय? फिट बिट येती का? ऱ्हा एका पायावर.”

मागं बैलगाड्या, ट्रक, सायकली तुंबल्या. आणि तो खरंच राहिला! मी रिक्षात पदर तोंडावर घेऊन बसले.

ट्रस्टच्या अध्यक्षांनी परदेशी बनावटीची काचेची पेटी दवाखान्याला मिळवून दिली, तेव्हाची गोष्ट तर अजून लोक सांगतात. हार, नारळ, फोटोग्राफर, सगळं ठरलं. आदल्या दिवशी बाईंनी जाहीर केलं की दोन दिवस पेटीची गरमी तपासल्याबिगर मी तिच्यात लेकरू घालणार नाही. मी समजावलं, हेडसिस्टरांनी समजावलं. “त्यांचं उद्घाटन हू दे, माझं नंतर,” एवढंच उत्तर. समारंभाच्या सकाळी मी बघते तर पेटीत फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेलं, टोपडं घातलेलं बाळ पाठमोरं निजलेलं. मला हायसं वाटलं. अध्यक्ष आले, काचेवर वाकले, डोळे भरून आले त्यांचे. फोटो निघाला, वर्तमानपत्रात छापूनही आला. पाहुणे गेल्यावर बाईंनी फ्लॅनेल सोडलं. आत दुधी भोपळा. त्याला थर्मामीटर बांधलेला.

“बरोब्बर अडीच पौंडाचा आनला बाजारातनं,” त्या मला म्हणाल्या. “बगा, सकाळधरनं दोनदा तापला आणि तीनदा गार पडला. लेकरू असतं तर?”

पेटी खरोखरच बिघडलेली निघाली. पण ती बातमी अध्यक्षांच्या घरी पोचली आणि पुढं महिनाभर खुलासे मला लिहावे लागले. बाईंना त्याचं काही नव्हतं.

गुळाच्या एका व्यापाऱ्याच्या नातवाच्या वेळी तर त्यांची नोकरीच जायची होती. मुलाचं नाव विजय. साडेसातव्या महिन्यात झालेला, जुळ्यांतला एक. दुसरा गेला. घराण्यात पहिला मुलगा, म्हणून पहिल्या वाढदिवसाला घरी शे-दीडशे माणूस. मलाही बोलावणं होतं. बाईंना नव्हतं, पण त्या आल्या. ओसरीवर त्यांना बसायला वेगळं पोतं टाकलं आणि चहा वेगळ्या कपातून आला. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही. बाईंनीही ते पाहिलं. “चहा नगं,” त्या म्हणाल्या, “पोर द्या हिकडं.”

मुलाची आई कुसुम, पोरगेलीच होती ती, मूल घेऊन आली. बाईंनी त्याला काखेत धरून उभं केलं. त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढले, टाचा टेकेनात. त्यांनी ते दोनदा करून बघितलं आणि भर पाहुण्यांत, आपल्या त्या आवाजात विचारलं, “हे कवापासनं?”

आजी म्हणाल्या, “अहो, आजच्या दिवशी तरी काही बोलू नका.”

“आज बोललो न्हाय तर उद्या पाय ऐकायचं न्हाईत, आजी. पाय आखडायलेत. रोज हलवाय पायजेत.”

व्हायचा तो गोंधळ झाला. अभद्र बोलली, नजर लावली, जातीवरनंही काही काही बोलून झालं. दुसऱ्या दिवशी ट्रस्टकडं तक्रार गेली. बाईंकडून माफीचं पत्र लिहून घ्यायचं काम माझ्याकडं आलं. मी कागद पुढं ठेवला.

“पाय ढिलं झालं का माफीनं?” त्यांनी विचारलं.

“बाई, निदान चारचौघांत सांगायला नको होतं.”

“दोनदा घरी गेलतो. दोनदा दारातनं घालवलं. चारचौघांत कुणी घालवत न्हाय.”

माफी नाही लिहिली. मीच त्यांच्या नावानं गुळमुळीत काहीतरी लिहिलं आणि त्यांनी न वाचता सही केली. वर पुढच्या गुरुवारी पुन्हा त्या घरी. दार उघडलं नाही. त्यांना कळलं की मंडळी जावळाला नृसिंहवाडीला गेलीत, तर या बाई एसटीनं वाडीला. घाटाच्या पायऱ्यांवर कुसुमला गाठून त्यांनी मूल मांडीवर घेतलं आणि पाय कसे फाकवायचे, टाच कशी दाबायची, ते तिथंच शिकवलं. आजी रागानं लाल झाल्या. “म्हाराजांचा नमस्कार हू दे आजी, मी आडवी येत न्हाय. पण रोज शंभर वेळा ह्ये बी करा.”

कुसुमनं केलं. सासूच्या नकळत, माळ्यावर जाऊन करायची. विजय चार वर्षांचा असताना चालला. चवड्यांवर, जरा लंगडत, पण स्वतःच्या पायांनी दवाखान्याचा जिना चढून वर आला. आजी बरोबर होत्या. त्यांनी बाईंपुढं खणा-नारळाचं ताट धरलं. बाईंनी ताटाकडं बघितलंसुद्धा नाही. “डावी टाच अजून वर ऱ्हाती की,” त्या म्हणाल्या. असा राग आला मला! चार शब्द बरे बोलायला काय जातं माणसाचं?

पुढं पुढं त्यांनी शाळांवरही मोर्चा वळवला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं या मुलांची खरी परीक्षा दुसरी-तिसरीत असायची. चालतात, बोलतात, चारचौघांसारखी दिसतात, पण पेन्सिल धरता येत नाही, एका जागी बसवत नाही, फळ्यावरचं वहीत उतरत नाही. आणि मग छड्या. माझे वडील मास्तर होते. एका संध्याकाळी ते घरी आले तेच टोपी आपटत.

“तुमच्या दवाखान्यातली कोण गं ती बाई? भर वर्गात घुसली. म्हणे, ‘ह्यो दोन पौंड नऊ औंसाचा हुता, ह्येला मारू नका, मोठ्या रेघांची वही द्या.’ माझ्या वर्गात पंचावन्न पोरं आहेत. एकेकाचं जन्माचं वजन विचारत बसू मी?”

मी हात जोडले. म्हटलं, अप्पा, माझा काही इलाज नाही. आठ-दहा दिवस ते धुमसत होते. मग एकदा जेवताना, मान वर न करता, त्यांनी विचारलं, “तो मोरे म्हणून एक आहे. पाढे तोंडपाठ, पण लिहिताना सगळं उलटं. तो किती पौंडाचा होता, बघशील का?” मोरे दिवस भरून जन्मलेला, चांगला सात पौंडांचा होता. तरी त्यालाही पहिल्या बाकावर आणलं अप्पांनी.

बाईंनी संशोधन केलं नव्हतं, इंग्रजी त्यांना जेमतेम वाचता येई. पण ओपीडीच्या बाकावर बसून त्या मला जे सांगायच्या, ते पुढं कित्येक वर्षांनी मी पुस्तकांत वाचलं. ज्याचा श्वास पहिल्या आठवड्यात फार अडकला ते उशिरा बसतं. ज्याला पहिल्या दिवसांत फिट आली त्याच्याकडं दुप्पट बघायचं. जी सोळाव्या-सतराव्या वर्षी बाळंत होते, जिची दोन बाळंतपणं लागोपाठ, जी घरात सगळ्यांच्या मागनं उरलंसुरलं खाते, तिचं पुन्हा आधी होणार. “आणि आई बोलकी असली तर पोर बोलतंय,” त्या म्हणायच्या. “त्येला औषध न्हाय. तोंड पायजे.” हे सगळं त्या सासवांनाही ऐकवायच्या, ओरडून. मग सासवा माझ्याकडं येऊन माझ्यावर ओरडायच्या.

आता मंगलचं सांगायला हवं. ते टाळून बाईंविषयी लिहिता येणार नाही.

बिद्रीजवळच्या एका खेड्यातली शेवंता नावाची बाई सातव्या महिन्यातच बाळंत झाली. नवरा साखर कारखान्यात कामाला. आधीची दोन मुलं अशीच लवकर होऊन गेलेली. ही मुलगी दोन पौंड सहा औंस, निळीजांभळी. मी ऑक्सिजन लावला. पहिले दोन-तीन दिवस तिचं काही खरं नव्हतं. मग रंग फिरला. बाई म्हणाल्या, “गुलाबी झाली. आता हवा कमी करू या. जास्तीची डोळ्याला बाधती म्हणत्यात.”

मी ते वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं. पण या मुलीचा श्वास पुन्हा थांबेल, याची मला भीती होती, आणि माझ्या हातून त्या महिन्यात दोन मुलं गेली होती. “राहू दे तसाच,” मी म्हणाले. दुपारी येऊन बघितलं तर बाईंनी चावी कमी केलेली. मी ती पुन्हा वर केली आणि सगळ्या आयांसमोर त्यांना विचारलं, “इथं डॉक्टर कोण आहे?”

त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. त्या दिवशी त्या फक्त म्हणाल्या, “तुमी.”

ऑक्सिजन आणखी तीन आठवडे चालला. मंगल जगली. घरी गेली तेव्हा आख्ख्या दवाखान्यात पेढे वाटले.

सात-आठ महिन्यांनी एका गुरुवारी संध्याकाळी बाई माझ्या खोलीत आल्या आणि न विचारता खुर्चीत बसल्या. बुटांवर लाल धूळ.

“मंगलच्या डोळ्याम्होरं गोंडा फिरवला. बघंना.”

“लवकर जन्मलीय. अडीच महिन्यांनी लहानच धरायला हवं तिला.”

“धरलं. तरी बी बघंना. बुबुळात पांढरं चमाकतंय.”

मी वाट बघत होते की त्या आता म्हणतील, मी सांगितलं होतं. मला ते ऐकायचं होतं. ऐकलं असतं तर मला त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं. त्या म्हणाल्या, “रविवारी जाऊ. सांगायला दोघी लागत्यात. एकीनं सांगायचं, एकीनं आईला धरायचं.”

गेलो. शेवंताला किती आनंद झाला, डॉक्टरीणबाई घरी आल्या म्हणून. चूल पेटवून पोहे केले तिनं. मुलगी बाजेवर हातपाय हलवत होती. मी सांगायला सुरुवात केली आणि पडदा, रक्तवाहिन्या असलं काहीबाही बोलत राहिले. शेवंता मान डोलवत होती. बाईंनी मला हातानं थांबवलं.

“शेवंता, पोरीला दिसत न्हाय. दिसायचं बी न्हाय.”

शेवंतानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग तिनं विचारलं, “कशानं?”

मी बाईंकडं बघितलं. त्या गोठ्याकडं बघत होत्या. एरवी प्रत्येक वाक्यात तोंड घालणारी बाई त्या वेळी मला अजिबात मदत करेना.

“ऑक्सिजन जास्त झाला,” मी म्हणाले. “मी दिला.”

“न्हाई दिला असता तर जगली असती का?”

“पहिले दिवस नसती जगली. नंतर कमी करता आला असता. सिस्टर म्हणत होत्या. मी ऐकलं नाही.”

शेवंतानं मुलीला उचललं आणि छातीशी धरलं. “जावा तुमी,” ती म्हणाली. पोहे तसेच राहिले.

एसटीच्या थांब्यावर मला रडू फुटलं. बाई शेजारी उभ्या होत्या. “रडायचं असंल तर लवकर रडून घ्या,” त्या म्हणाल्या, “गाडी यायलीय.” आणि गाडीत बसल्यावर, जणू काही झालंच नाही अशा, “आता दर म्हैन्याला यायचं. तिला आवाज पायजे, हाताला वस्तू पायजेत. तुमी बी यायचं.”

मी म्हटलं, ती बाई आपलं तोंड बघणार नाही. “न बघू दे. आपुन तिचं तोंड बघायला न्हाय जायचं.”

पहिल्या तीन वेळा शेवंतानं दार लावून घेतलं. मी परत फिरताना मनात बाईंना शिव्या घालत होते. चौथ्या वेळी दार उघडं होतं. शेवंता अंगणात काहीतरी कांडत होती आणि मुलगी आत, अंधाऱ्या कोपऱ्यात, गोधडीवर पडून. सव्वा वर्षाची झाली तरी बसत नव्हती. पडेल, लागेल, म्हणून कुणी तिला खालीच सोडत नव्हतं. कुणी बोलतही नव्हतं तिच्याशी. बाई सरळ आत गेल्या.

“दिसत न्हाय म्हणून ठिवून दिली व्हय कोपऱ्यात? लेकरू हाय का डबा?”

मी डोळे मिटून घेतले. आता ही मुसळ घेऊन धावणार, असं वाटलं मला. बाईंनी मुलीला अंगणात आणून मांडीवर टेकवून बसवलं आणि उजव्या बाजूला घुंगरू वाजवलं. मंगलनं मान वळवली. डावीकडं वाजवलं, तिकडं वळवली. मग तिनं हात पुढं केला, हवेत चाचपडला, आणि घुंगरू पकडलं. शेवंता मुसळ धरून बघत राहिली होती. “ये की,” बाई तिच्यावर ओरडल्या, “मी काय जलमभर बसतो हितं? हाक मार तिला!” शेवंता आली, बसली, आणि तिनं मुलीला हाक मारली. मग पुन्हा मारली. कितीतरी वेळ ती नुसती हाका मारत होती.

माझ्याशी शेवंता पुढं दोन वर्षं बोलली नाही. बाईंशी भांडायची, पण बोलायची. मंगल उशिरा बसली, उशिरा चालली, आणि एकदा बोलायला लागली ती थांबेना. सात वर्षांची झाल्यावर तिला अंधशाळेत घालायचं बाईंनी ठरवलं. सासू आडवी आली. आंधळ्या पोरीला शिकवून काय उपेग? ते भांडण आख्ख्या गल्लीनं ऐकलं. शेवटी शेवंताच उठली, मुलीचं बोचकं बांधलं आणि आमच्याबरोबर गाडीत बसली. शाळेच्या दारात तिनं पहिल्यांदा माझा हात धरला. मंगल आत जाईपर्यंत तो सोडला नाही.

मी एकदा बाईंना विचारलं, “त्या दिवशी मी चावी वर केली, तेव्हा तुम्ही हट्ट का नाही धरला? एरवी तर कुणाचं ऐकत नाही.”

त्या पाळण्यातल्या मुलाला दूध पाजत होत्या. ड्रॉपरमधला शेवटचा थेंब त्यांनी आधी त्याच्या तोंडात सोडला.

“धराय पायजे हुता,” त्या म्हणाल्या. “तुमची चूक तुमच्यापाशी, माझी माझ्यापाशी. आता सरका, उजेड अडतोय.”

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाल-श्रीफळ देऊन त्यांना भाषण करायला सांगितलं. त्या उठून म्हणाल्या की तिसऱ्या पेटीच्या दिव्याचा प्लग ढिला आहे, तो आज बदला, आणि बसल्या. दवाखान्यात दोन-चार महिने फार शांतता होती. मला ती शांतता बरी वाटायला हवी होती. वाटली नाही. पुढं मीही तिथून बाहेर पडले आणि स्वतःचा दवाखाना काढला. येणाजाणाऱ्यांकडून बाईंचं कानावर येत असे: आज कुणाच्या दारात भांडल्या, उद्या कुठल्या शाळेत.

शेवटच्या त्या दिसल्या ते ऐंशी सालानंतर, एका हिवाळ्यात. गळिताचा हंगाम होता. मी एसटीनं बिद्रीच्या बाजूला चालले होते, भर दुपारी. रस्ता उसाच्या गाड्यांनी भरलेला, त्यामुळं गाडी रांगत होती. पुढं रस्त्याच्या मधोमध दोन बायका चाललेल्या. पुढचीच्या डोक्यावर उसाच्या वाड्याचा, शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचा, एवढा मोठा भारा, की तिचं डोकं दिसेना, पाठीवर पानं लोळत होती. मागची ऊसतोडीवरची तरुण पोर, पोट पुढं आलेलं, सातवा महिना असेल. ती मोकळ्या हातांनी, ओशाळून, दर चार पावलांनी भाऱ्याकडं हात न्यायची आणि पुन्हा मागं घ्यायची.

गाडी अगदी जवळ आल्यावर मी भाऱ्याखालचे खांदे ओळखले. साठी उलटलेली बाई! गुडघे दुखतात म्हणून निवृत्तीच्या आधी जिना चढताना कठड्याला धरायच्या त्या. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, “बाई! अहो कांबळेबाई! या वयात हे काय?”

त्यांना ऐकू गेलं नसावं. गेलं असलं तरी भाऱ्यामुळं मान वळवता येत नव्हती. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. त्या रस्त्यातून सरकल्या नाहीत. मागच्या पोरीला मात्र हात धरून त्यांनी आपल्या पलीकडं, रस्त्याच्या कडेच्या बाजूला घेतलं, आणि समोर बघतच त्यांचा तो आवाज आला,

“बाजूनं घे की रं! दिसत न्हाय व्हय, बाई पोटुशी हाय!”

गाडीतली माणसं हसली. ड्रायव्हरनं भाऱ्याखालच्या म्हातारीकडं बघितलं, पलीकडच्या मोकळ्या हातांच्या पोरीकडं बघितलं, हॉर्न सोडला, आणि गाडी सावकाश दुसऱ्या बाजूच्या कच्च्या कडेवरून घेतली.